सात नाहीत, नऊ आहेत

दुपारी पावणेदोनच्या सुमारास आईचा डोळा लागतो. जेवण झालं, गोळ्या झाल्या, पाठीमागे उशी लावून झाली की ती दोनदा तरी "गॅस बंद केलास ना?" विचारते आणि मग झोपते. गेल्या वर्षी मार्चमध्ये तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून रात्रीची सलग झोप तिला नाहीच, म्हणून दुपारचा हा तास-दीड तास मी फार जपते. फोनचा आवाज बंद करते, दारावर 'बेल वाजवू नये' अशी चिठ्ठी लावते, कुकरसुद्धा आधीच लावून घेते.

आणि नेमकं त्याच वेळी खिडकीखाली सुरू व्हायचं. पाचोळ्यात काहीतरी उकरणारा एक जण कुरकुरायचा, दुसरा त्याला चढ्या आवाजात उत्तर द्यायचा. मग मेंदीच्या कुंपणातून बाकीचे टुणटुण उड्या मारत यायचे आणि बघता बघता सगळेच्या सगळे एका जागी गोळा होऊन असा गिल्ला करायचे की आई दचकून उठायची.

"काय कालवा लावलाय मेल्यांनी! कुणाची गं ही पोरं?"

पोरं नव्हेत. आमच्या बागेतले सातभाई.

आमचं घर साताऱ्यात, शाहूपुरीच्या बाजूला. वडिलांनी बांधलेलं बैठं घर, मागे थोडी बाग. लिंबू, पेरू, शेवगा, कढीपत्ता, दोन जास्वंदी आणि कुंपणाला मेंदी. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची मोठी चिंच आहे, तिची निम्मी सावली आमच्याकडे पडते. सातभाई या बागेत कधीपासून आहेत हे मला सांगता येणार नाही, कारण नोकरीच्या दिवसांत मी सकाळी साडेनऊला बाहेर पडायचे ती संध्याकाळी दिवेलागणीला परत यायचे. बाग मला रविवारचीच माहीत. स्वेच्छानिवृत्ती घेऊन आईजवळ घरी बसले तेव्हा कळलं की सोमवार ते शनिवार ही बाग दुसऱ्याच एका कुटुंबाची असते.

ज्यांनी हा पक्षी नीट पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. आकार साधारण साळुंकीएवढा. रंग मातीचा, राखाडी-तपकिरी, आंघोळ न केल्यासारखा. शेपूट सैल, जरा विस्कटलेली. चोच पिवळट आणि डोळे पांढुरके, त्यामुळे चेहरा कायम रागावलेला दिसतो. एकटा कधी दिसत नाही. आपण मराठीत त्यांना भाऊ केलं, हिंदीत आणि इंग्रजीत ते सात बहिणी आहेत. दोन्ही चालतं, कारण नर आणि मादी दिसायला सारखेच. सात असतातच असंही नाही. आमच्याकडे नऊ होते. हे मी मोजलेलं नाही, आईनं मोजलं. ऑपरेशननंतर दीड महिना तिला खिडकीशिवाय दुसरं काही नव्हतं. एक दिवस मी "सातभाई आले बघ" म्हणाले तर ती म्हणाली, "सात नाहीत, नऊ आहेत. तुला मोजायला वेळ कुठाय!"

एप्रिलच्या शेवटी शेजारून निरोप आला. त्यांचा मुलगा परदेशातल्या कंपनीसाठी रात्रभर घरून काम करतो आणि सकाळी सात ते दुपारी दोन झोपतो. त्याची खोली नेमकी आमच्या लिंबाच्या बाजूला. काका स्वतः आले, चहा घेतला आणि संकोचतच म्हणाले, "ताई, तो लिंबू काढून टाकला तर बरं होईल. तिथंच त्यांचा अड्डा आहे." त्यांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. झोप न मिळालेल्या माणसाचे हाल काय असतात ते मी आईच्या चेहऱ्यावर रोज बघत होते. लिंबू तोडायला मी तयार नव्हते, पण आवाज कमी करण्यासाठी काहीतरी करते असं त्यांना सांगितलं.

मग मी जे केलं ते आज आठवलं तरी मला वाईट वाटतं. टाळ्या वाजवल्या, ताटली वाजवली, लिंबाला चमकणाऱ्या पट्ट्या बांधल्या. पक्षी दहा मिनिटं लांब जायचे, परत यायचे आणि परत आल्यावर दुप्पट ओरडायचे. एकदा तर मी नळीनं पाण्याचा जोरदार फवारा मारला. सगळे उडाले, एक मागे राहिला. त्याचे पंख भिजले होते, त्याला उंच उडता येईना. तो जास्वंदीच्या बुंध्याशी दडून बसला. आणि उडून गेलेल्यांपैकी दोघे परत आले. मी नळी हातात घेऊन तिथंच उभी होते, तरी आले. त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटून बसले आणि त्याची मान चोचीनं साफ करू लागले. मी नळी खाली ठेवली. त्या दिवसानंतर हाकलणं बंद केलं आणि बघायला सुरुवात केली.

आईच्या खिडकीशी खुर्ची टाकून आम्ही दोघी बसायला लागलो. आठवडाभरात एवढं कळलं की लांबून जी एकच कलकल वाटते ती एक नाही. जमिनीवर खाता खाता चालते ती हलकी कुरकुर, एकमेकांना 'मी इथं आहे' सांगणारी. ती बंद पडत नाही, पण तिनं कुणाची झोपही मोडत नाही. वाटून घेण्यावरून होतं ते भांडण वेगळं, चिरकं आणि आखूड. पलीकडच्या गल्लीतली दुसरी टोळी हद्दीवर आली की होतं ते तिसरं. तेव्हा हे नऊ एका रांगेत, ते तिकडे दुसऱ्या रांगेत, आणि मधल्या रस्त्यावरून आरडाओरडा. आणि चौथा आवाज धोक्याचा. एक जण नेहमी उंच जागी बसून पहारा देतो, बाकीचे खाली खातात. पहारेकऱ्यानं इशारा दिला की सगळे एकत्र जमून त्या धोक्याच्या अंगावर ओरडतात. साप असो, मुंगूस असो, शिक्र्यासारखा शिकारी पक्षी असो.

पावणेदोनचा गिल्ला या चौथ्या जातीचा होता.

आई म्हणाली, "रोज एकाच वेळेला साप येत नाही. घड्याळ लावून माणसंच येतात." म्हणून मी चार दिवस दीड वाजता मागच्या पायरीवर जाऊन बसले. दीडच्या पुढे काका-काकूंची जेवणं व्हायची. त्यांच्याकडच्या आजी उरलेली भाकरी आणि बुधवार-रविवार माशांची डोकी मागच्या भिंतीवर ठेवायच्या. एक पिवळा बोका येऊन खायचा आणि पोट भरल्यावर भिंतीवरून चालत चालत आमच्या लिंबाखाली सावलीला यायचा. पहारेकरी ओरडायचा, नऊ जण गोळा व्हायचे, आई उठायची, शेजारचा मुलगा उठायचा.

मी आजींना जाऊन सांगितलं. त्यांना पटायला वेळ लागला नाही. बोक्याचं ताट भिंतीवरून पुढच्या अंगणात गेलं. तिसऱ्या दिवसापासून पावणेदोनचा गोंधळ इतका उतरला की आई साडेतीनला उठून "आज किती वाजले?" म्हणून घाबरली.

बाकीच्या भांडणांवर उपाय सोपे होते, कुणालाही करता येतील असे. नळाखाली एकच परळ होतं. उन्हाळ्यात त्यावरून सकाळ-संध्याकाळ मारामारी. आधी आलेला आंघोळ सोडायला तयार नाही, मागचा त्याची शेपूट ओढतोय, तिसरा दोघांच्या डोक्यावर. मी कुंभाराकडून आणखी दोन परळं आणली, उथळ, चार बोटं पाणी राहील एवढीच, आणि तिन्ही एकमेकांपासून सहा-सात फूट लांब ठेवली. भांडण संपलं नाही, पण तिन्ही परळांत वाटलं गेलं. माझ्या स्कूटरच्या आरशात स्वतःलाच परकं समजून एक जण तासन्‌तास चोची मारायचा. आरशांवर जुने मोजे चढवले. पाचोळा झाडून जाळायची आमची सवय होती, ती मोडली. लिंबाखालचा आणि पेरूखालचा पाचोळा आता तसाच असतो. ते तो चोचीनं उलथत राहतात, किडे वेचतात, आणि पोट भरण्यात गुंतलेले असले की आवाज आपोआप खाली राहतो. कीटकनाशक तर आधीच बंद केलं होतं.

मग मे महिना आला आणि पावशा ओरडायला लागला.

पावशाचं ओरडणं ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. पेरते व्हा, पेरते व्हा, पेरते व्हा. दर खेपेला सूर चढत जातो, इतका की आता गळा फुटेल असं वाटतं, तिथं थांबतो आणि परत पहिल्यापासून. पहाटे चारलासुद्धा. आईचं माहेर कोरेगाव तालुक्यातलं, शेतकऱ्याचं घर. तिच्यासाठी तो आवाज म्हणजे बालपण. "आमचे दादा पावशा ओरडल्याशिवाय तिफणीला हात लावायचे नाहीत," ती सांगते.

चिंचेवर पावशा बसला की सातभाई बिथरायचे. पावशा दिसतो शिक्र्यासारखा, उडतोही तसाच, म्हणून ते शिक्राच समजून ओरडत असतील असं मला वाटलं. लिंबात त्यांचं घरटं होतं, माझ्या डोक्याच्या जरा वर. एका सकाळी घरट्यावर कुणी नव्हतं तेव्हा मी स्टुलावर चढून एकदा पाहिलं. वाटीएवढं ओबडधोबड घरटं, आत चार अंडी, चकचकीत निळी. इतका निळा रंग त्या मळकट पक्ष्याच्या पोटातून येतो यावर माझा विश्वास बसेना. लगेच उतरले आणि परत चढले नाही.

त्याच दिवसांत काकांनी विचारलं, लिंबाची निदान त्यांच्याकडची फांदी तरी छाटू का. त्या फांदीच्या बेचक्यातच घरटं होतं. कायद्याची भाषा करायला मला आवडत नाही, शेजार जन्माचा असतो. पण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे घरटं पाडणं, अंडी नष्ट करणं हा गुन्हा आहे हे त्यांना सांगितलं, आणि पिल्लं उडून गेल्यावर मी स्वतः माणूस लावून छाटून देईन असा शब्द दिला. त्यांनी ऐकलं. पुढे तो शब्द मी पाळला.

वटपौर्णिमेच्या आसपास पिल्लं घरट्याबाहेर आली. दोन होती. एक सातभाईचं, आखूड शेपटीचं, काळ्याभोर डोळ्यांचं. सातभाईच्या पिल्लांचे डोळे आधी गडद असतात, मोठं होता होता पांढुरके होतात. ते पिल्लू पेरूच्या खालच्या फांदीवर गप्प बसून राहायचं. दुसरं त्याच्या दीडपट मोठं होतं. छातीवर तपकिरी ठिपके-रेघा, शेपटीवर पट्टे, आणि आवाज!

त्या आवाजाला मी थयथयाट म्हणते. सकाळी सहाला सुरू व्हायचा. कीं-कीं-कीं, गंजलेल्या बिजागरीसारखा, न थांबता. चोच उघडी, पंख अर्धे पसरून थरथरवत, अंग फांदीला टेकवून, मान वर ताणून. समोरून कुणी जाऊ दे, त्याच्याकडे वळून ओरडणार. खायला मिळालं की गिळेपर्यंत दोन सेकंद शांतता, मग आणखी वरच्या पट्टीत. एकदा एका सातभाईनं त्याला मोठा नाकतोडा भरवला तेव्हा भरवणाऱ्याचं डोकं त्याच्या चोचीत जातंय की काय असं वाटलं. भरवणारा त्याच्यापुढे एवढासा दिसत होता, आणि तोंड रिकामं झाल्याबरोबर परत पाचोळ्याकडे पळाला.

आईनं त्याचं नाव 'थोरला' ठेवलं. "काय हट्टी आहे गं! आमच्या काळी असं भोकाड पसरलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता."

मी तिला सांगितलं की हा यांचा नाहीच. पावशा स्वतःचं घरटं बांधत नाही. सातभाईच्या घरट्यात अंडं घालून जातो, तेही निळंच, ओळखू न येणारं. बहुतेक वेळा पावशाचं पिल्लू घरट्यातली बाकीची अंडी ढकलून देतं, पण नेहमीच नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश पक्षी-अभ्यासक टी. सी. जेर्डन यांनी सातभाईंच्या पिल्लांबरोबर पावशाची पिल्लं एकत्र वाढताना पाहिल्याची नोंद केली आहे. आमच्या घरट्यात चार अंडी होती आणि बाहेर दोनच पिल्लं आली. बाकीच्यांचं काय झालं ते मी पाहिलेलं नाही.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे 'पेरते व्हा' म्हणणारा तो? जगाला पेरायला सांगतो आणि स्वतःचं बी दुसऱ्याच्या शेतात टाकून जातो होय!" तिला खरंच राग आला होता. दादांचा पावशा होता तो.

पण दोन दिवसांनी तीच मला म्हणाली, "नीट बघ. त्याला एकटी आई भरवत नाही."

ते खरं होतं. आम्ही मोजलं. निदान सहा जण आळीपाळीनं दोन्ही पिल्लांना भरवत होते. सातभाईंच्या टोळीत घरटं एका जोडीचं असलं तरी पिल्लं सगळ्यांची असतात, आधीच्या वर्षीची मोठी भावंडंही त्यात असतात. ए. जे. गॅस्टन यांनी १९७० च्या दशकात दिल्लीत सातभाईंच्या टोळ्यांचा अभ्यास केला होता, त्यांच्या कामात हे आलेलं आहे. आईला गॅस्टनची गरज नव्हती. ती नऊ भावंडांतली सहावी. "मला आक्कानं वाढवलं," ती म्हणाली. "आईच्या वाट्याला मी रात्री झोपायलाच यायचे. दिवसभर आक्काच्या कमरेवर. ती स्वतः दहा वर्षांची. मला कमरेवर घेऊन पाणी भरायची. भांडणं? रोज! भाकरीचा पापुद्रा कुणाला यावरून आम्ही एकमेकांच्या झिंज्या उपटायचो. आक्का स्वतःचा पापुद्रा मला द्यायची आणि धाकटा किशा तिच्या पाठीत बुक्क्या मारायचा, मला का नाही म्हणून."

आक्का जाऊन वीस वर्षं झाली. त्या दुपारी आई तिच्याबद्दल जितकं बोलली तितकं मी माझ्या उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

माउलींची पालखी लोणंदला होती त्या दिवसांतली एक संध्याकाळ. पाऊस नुकताच ओसरला होता. थोरला कपड्यांच्या तारेवर बसला होता, चिंब भिजलेला, आणि त्याचा थयथयाट शिगेला पोचला होता. त्याच्या डाव्या बाजूला एक सातभाई आला, चोचीत अळी. त्याच क्षणी उजव्या बाजूला दुसरा, त्याच्या चोचीत झुरळासारखं काहीतरी. थोरला एकदा इकडे वळे, एकदा तिकडे. मला वाटलं दोघे भरवतील आणि जातील. पण उजवीकडच्यानं डावीकडच्याला चोच मारली. डावीकडचा खाली उतरला, पण अळी सोडली नाही. परत वर आला, उजवीकडच्याच्या पाठीवरून उडी मारून मध्ये घुसला आणि अळी थोरल्याच्या घशात कोंबली. मग दोघे तारेवर एकमेकांना ढकलत ओरडत राहिले आणि थोरला त्या दोघांवर ओरडत राहिला.

भांडण खाण्यासाठी नव्हतं. भरवायचं कुणी, यावरून होतं.

इस्रायलच्या वाळवंटात आमोट्झ झहावी यांनी सातभाईंच्या जवळच्या नात्यातल्या अरबी जातीचा अनेक दशकं अभ्यास केला. तिथले पक्षी पहारा देण्याचा मान मिळावा म्हणून एकमेकांना बाजूला सारतात, दुसऱ्याला भरवण्यासाठी चढाओढ करतात, आणि त्यातून टोळीतली पत ठरते, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या तारेवरचे दोघे पत मिळवत होते की आक्कासारखे होते, हे मला सांगता येणार नाही. मी कपडे काढायचे विसरून उभी राहिले एवढं खरं. कपडे रात्रभर परत भिजले.

थयथयाटाचा त्रास होत नव्हता असं नाही. होत होता. शेजारच्या मुलाला तर जास्त. बोका थांबवता आला, पिल्लू कसं थांबवणार? त्यानं कानात घालायच्या बोळ्या आणल्या आणि महिनाभर हॉलमध्ये झोपला. तो अजूनही आमच्या बागेवर खूश नाही आणि मी त्याला दोष देत नाही. आईची खाट मी पुढच्या खोलीत हलवली. तीन दिवसांत आईनं ती परत मागे न्यायला लावली. पुढच्या खोलीत तिला झोप लागायची, पण जागेपणी बघायला काही नव्हतं.

मी थोरल्याकडे बघताना आणखी एक गोष्ट टिपत गेले. पहिले काही दिवस त्यानं ओरडलं की जागेवर मिळायचं. पुढे पुढे भरवणारे जरा लांब बसायला लागले. अळी चोचीत धरून थांबायचे, तो उडून आला की द्यायचे. मग आणखी लांब. तो लिंबावरून पेरूवर, पेरूवरून शेवग्यावर ओरडत ओरडत जायला लागला. मुद्दाम करत होते का? पक्ष्यांच्या मनातलं मी काय सांगणार. पण त्याला कुणी रागावून चोच मारलेली मी एकदाही पाहिली नाही, आणि तो ओरडतोय म्हणून घाईही कुणी केली नाही. आणि शिक्रा आला की पहारेकऱ्याच्या एका आवाजासरशी तोही गप्प व्हायचा. इतका गप्प, की फांदीवर शोधूनही सापडू नये.

याच काळात गल्लीतली दोन मुलं, भाऊ-बहीण, बुटांच्या खोक्यात सातभाईचं लहान पिल्लू घेऊन आली. खाली पडलेलं सापडलं म्हणे. खोक्यात कापूस, वाटीत दूध, भाताची शितं. पिल्लू कुणी उचलायचं यावरून वाटेत त्यांचं भांडण होऊन बहिणीच्या हातावर ओरखडा उठला होता. हे मात्र मला सगळ्यांना कळकळीनं सांगायचंय: घरट्यातून बाहेर पडलेलं, अंगावर पिसं असलेलं पिल्लू उचलू नका. ते हरवलेलं नसतं, त्याचे घरचे जवळच असतात. उडायला शिकताना पिल्लं अशी खाली उतरतातच. दूध पाजू नका, पक्ष्यांना ते पचत नाही. मांजराच्या वाटेत असेल तर अलगद उचलून जवळच्या झुडपात, जरा उंच ठेवा आणि लांब व्हा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकून देतात हा गैरसमज आहे. मी मुलांना घेऊन गेले, जिथं सापडलं त्याच कुंपणात पिल्लू ठेवलं आणि रस्त्याच्या पलीकडे आम्ही तिघं कट्ट्यावर बसलो. वीस मिनिटांत चार सातभाई आले. पिल्लाला मध्ये घेतलं आणि मुलांकडे बघून इतके ओरडले की धाकटा म्हणाला, "आपल्यालाच ओरडतायत का?" हो रे बाबा, आपल्यालाच.

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी थोरला शेवग्यावर होता. शेवग्याला सुरवंट झाले होते, ते केसाळ, खाज येणारे. सातभाई त्यांच्या वाटेला जाताना मला दिसले नव्हते. थोरल्यानं एक सुरवंट उचलला, चोचीत दाबला, फांदीवर घासला, परत दाबला, आतलं सगळं बाहेर काढलं आणि मग गिळला. पावशे असेच खातात. त्याला हे नऊपैकी कुणी शिकवलेलं नव्हतं. खालून एक सातभाई अळी घेऊन आला, फांदीवर बसून थांबला. थोरल्यानं त्याच्याकडे पाहिलं, पण तोंड उघडलं नाही. सातभाई थोडा वेळ तसाच बसला. मग ती अळी त्यानं स्वतःच खाल्ली.

आठवड्याभरात थोरला दिसेनासा झाला. आईनं तीन-चार दिवस विचारलं, मग विचारणं थांबवलं.

आता आई काठी घेऊन मागच्या पायरीपर्यंत येते. दुपारची झोप तिला लागते, कधी लागत नाही. पण ती संध्याकाळी सहाची वेळ चुकवत नाही, कारण तेव्हा सातभाई झोपायला येतात. लिंबाच्या आतल्या एका आडव्या फांदीवर सगळे ओळीनं, अंगाला अंग लावून बसतात. टोकाला कुणालाच बसायचं नसतं. टोकाचा उठतो, सगळ्यांच्या पाठीवरून उड्या मारत मध्ये घुसतो. मग नवा टोकाचा उठतो. ढकलाढकलीत एखादा खाली पडतो, ओरडतो, परत वर येतो. कधी कधी अर्धा तास हे चालतं. मग एक जण शेजाऱ्याची मान चोचीनं विंचरायला लागतो, दुसरा डोळे मिटतो, आणि आवाज उतरत जातो.

काल संध्याकाळी आईनं मोजले. म्हणाली, "आठच आहेत." मी मोजले तर नऊ भरले, काळ्या डोळ्यांचा आता मोठा झालेला धरून. आई म्हणाली, "तो मध्ये दबलेला तू दोनदा मोजलास." आम्ही पुन्हा मोजायला घेतलं, तेवढ्यात टोकाचा उठला आणि सगळी ओळ विस्कटली. मग अंधारच झाला.